आधी वारा काढा, मग शीड आवरा

मुंबई बंदरातून शिडाच्या बोटीनं मांडव्याला जाणं हा नवशिक्यांचा आवडता बेत असतो. ऑक्टोबर ते मे या हंगामात सकाळी जमिनीवरून येणारा मंद वारा दुपारच्या आधी पडतो, थोडा वेळ सगळं ठप्प होतं आणि मग वायव्येकडून समुद्राचा वारा धरतो. गेटवेहून मांडव्याकडे जाताना हा वारा पाठीशी असतो. बोट सरळ उभी, शिडं भरलेली, डबे उघडलेले, सगळे खुशीत. परतीला मात्र तोच वारा समोरून घ्यावा लागतो, आणि तोवर तो वाढलेलाही असतो. चांगल्या चाललेल्या सहलीची धांदल होते ती बहुतेक वेळा याच वळणावर.

यामागचं गणित एकदा मांडून पाहा. वारा १६ नॉटचा आहे आणि तुम्ही त्याच्या पुढं ६ नॉटनं पळताय. बोटीवर जाणवणारा वारा उरतो १० नॉट. आता बोट वळवून वाऱ्याला ४५ अंशांवर धरा. वेग साडेपाच नॉट धरला, तरी बोटीचा वेग आता वाऱ्यात मिळतो आणि शिडावर येणारा वारा २० नॉटच्या घरात जातो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १० चे २० झाले की शिडावरचा भार चौपट. हवामान तेच, समुद्र तोच, फक्त दिशा बदलली. म्हणून मांडव्याहून निघायच्या आधीच, किंवा वळण घ्यायच्या आधी वारा पाठीशी असतानाच, परतीला किती शीड लागेल ते ठरवा आणि तेवढंच ठेवा. रीफ घ्यावा का, म्हणजे शीड लहान करावं का, असा प्रश्न मनात आला म्हणजे तो घ्यायची वेळ झाली, असं जुने दर्यावर्दी सांगतात. मी त्यात थोडी भर घालीन. बोटीवर पहिल्यांदा आलेलं कुणी असेल, तर प्रश्न मनात यायचीही वाट पाहू नका.

शीड उभारायला हौसेनं शिकवणारे पुष्कळ भेटतात. आवरायला शिकवणारे कमी, कारण त्यात दिमाख नाही. आवरण्याचं तत्त्व मात्र एका वाक्यात मावतं: आधी शिडातला वारा काढा, मग दोराला हात घाला. वारा निघाला की शीड म्हणजे नुसतं कापड, ते हातानं आवरतं. दोर ओढायला अचाट जोर लागत असेल, तर एक तर वारा अजून शिडात आहे, नाही तर कुठंतरी काहीतरी अडकलंय. दोन्ही वेळी जोर वाढवणं हा उपाय नव्हे. थांबा आणि वर बघा.

पुढचं समजायला चार नावं लागतील. डोलकाठीच्या मागचं, बूमला म्हणजे तळाच्या आडव्या दांडीला जोडलेलं शीड मेनसेल. पुढच्या तारेवर चढतं ते जिब, आणि ते डोलकाठीच्या मागं पोचेल इतकं मोठं असलं तर जेनोआ. शीड वर चढवणारा दोर हॅलियार्ड. शिडाचा मागचा कोपरा आवळून-सोडून वाऱ्याशी कोन जुळवणारा दोर शीट. बाकीची नावं ओघात येतीलच.

आजच्या बहुतेक सहलीच्या बोटींवर जिब फर्लरवर असतं. पुढच्या तारेवर एक खोबणीची नळी, तिच्या तळाशी दोराचा ड्रम, वर फिरता स्विव्हल. ड्रमवरचा दोर कॉकपिटमधून ओढला की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. नाळेवर जाऊन ओलं कापड पोटाशी धरायची गरज उरत नाही, हे सुख खरंच मोठं आहे. पण याच सुखामुळे फर्लरकडे कुणी लक्ष देत नाही आणि तो नेमका नको तेव्हा अडतो.

अडण्याची सुरुवात बहुधा शीड सोडताना होते. शीट ओढली, फर्लरचा दोर मोकळा सोडला, आणि वाऱ्यानं जिब धाडकन उघडलं. दिसायला झकास. तिकडे ड्रमवर दोर सैल, वेडावाकडा गुंडाळला गेलेला असतो. पतंगाच्या फिरकीवर मांजा ढिला भरला की तो वळशांखाली रुततो, तसाच. परतीला ओढायला जाल तर दोन हात दोर येईल आणि गप्प. म्हणून जिब उघडताना फर्लरचा दोर कधीही पूर्ण सोडू नका. विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) किंवा क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) एक वळसा ठेवा आणि हातानं थोडा ताण धरून तो सावकाश जाऊ द्या. ड्रमवर वळसे एकाशेजारी एक, घट्ट बसले पाहिजेत.

गुंडाळण्याआधी जागा बघा. वाऱ्याआडच्या बाजूला पुरेसं मोकळं पाणी हवं, कारण या कामात बोट त्या बाजूला सरकणार. मुंबई बंदरात फेरीबोटी, नांगरलेली जहाजं आणि मच्छीमारांच्या जाळ्यांचे बावटे हे तिन्ही एकाच वेळी जवळ येऊ शकतात. मग बोट जरा खाली वळवा, वारा मागच्या कोपऱ्यातून येईल अशी. मेनसेल वर असेल, तर आता जिब त्याच्या आडोशाला येतं आणि त्यातला वारा आपोआप पडतो. कित्येक जण उलट करतात. बोट वाऱ्याच्या तोंडावर आणतात, जिब फडफडायला लागतं, शीटचे दोर चाबूक मारल्यासारखे डेकवर आपटतात आणि पुढं उभ्या माणसाच्या तोंडावर येतात. जोराच्या वाऱ्यात मेनसेलचा आडोसा घेणं केव्हाही बरं.

आता एकानं शीट हळूहळू सोडायची, दुसऱ्यानं फर्लरचा दोर ओढायचा. शीट सोडायची म्हणजे टाकून द्यायची नव्हे. तिच्यावर हलका ताण राहिला, तर गुंडाळी घट्ट बसते. पूर्ण सोडली, तर शीड सैल, फुगीर गुंडाळलं जातं. शीड पूर्ण आत आल्यावर शीटचे दोन-तीन वळसे त्याच्याभोवती पडू द्या, मग दोर क्लीट करा. उन्हापासून बचावाची जी गडद पट्टी शिडाच्या कडेला शिवलेली असते, ती आता बाहेरून सलग दिसली पाहिजे. दिसत नसेल तर शीड उलट्या दिशेनं गुंडाळलंय. आपल्याकडच्या उन्हात आधी शिलाईचा धागा कुजतो, कापड नंतर. ही पट्टी आत गेली तर ती शिवून घेतल्याचा उपयोग शून्य.

आणि दोर अडला तर? पहिल्यांदा ड्रम बघा, बहुतेक वेळा वळसा रुतलेला सापडतो. थोडं शीड उलट उघडून तो मोकळा करा. ड्रम ठीक असेल तर दुर्बीण घेऊन डोलकाठीचं टोक बघा. शीड दोन-चार वळसे फिरून थांबत असेल आणि वर हॅलियार्डही नळीभोवती पिळला जात असेल, तर हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. हॅलियार्ड नळीला अगदी समांतर वर जात असला किंवा सैल असला की असं होतं. अशा वेळी कुणीतरी फर्लरचा दोर विंचवर घेतो आणि हँडल फिरवू लागतो. विंचची ताकद माणसाच्या हाताच्या कितीतरी पट. त्या ताकदीनं नळी मोडते किंवा आतली तार पिळून तुटते, आणि पुढची तार गेली की डोलकाठी कशाच्या आधारावर उभी राहणार? इलेक्ट्रिक विंच तर याहून वाईट, कारण बटण दाबणाऱ्या बोटाला ताण कळतच नाही. माझं स्पष्ट मत आहे: फर्लरचा दोर हातानंच ओढावा. मोठ्या बोटीवर विंच लागलाच, तर डोळे ड्रमवर आणि शिडावर ठेवूनच. हॅलियार्ड पिळला असेल तर शीड पुन्हा पूर्ण उघडा, वारा काढा आणि जमेल तेव्हा ते खाली उतरवून घ्या. दुरुस्ती धक्क्यावर.

फर्लरनं जिब अर्धवट गुंडाळून लहान करता येतं, पण त्याला मर्यादा आहे. गुंडाळी वाढत जाते तसं शिडाचं पोट वाढतं, आकार बिघडतो आणि बोट वाऱ्याकडे चढेनाशी होते. थोडं गुंडाळलं तरी शीटचा ब्लॉक (कप्पी) रुळावर पुढं सरकवायला विसरू नका, नाही तर वरचा भाग उघडा फडफडत राहतो. निम्म्याहून जास्त गुंडाळून वाऱ्यासमोर चढायचा प्रयत्न म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. त्यापेक्षा मेनसेलला रीफ घ्या, आणि लांबचा पल्ला असेल तर छोटं, जाड कापडाचं जिब आधीच चढवून निघा. अरबी समुद्रात लॅटिन शिडं वापरणाऱ्या जुन्या गलबतांवरही मोठं शीड उतरवून छोटं चढवायची रीत होतीच.

मेनसेलचा रीफ म्हणजे शीड थोडं खाली घेऊन त्याचा तळाचा पट्टा बाद करणं. पहिल्या रीफला साधारण चौथा-पाचवा हिस्सा कमी होतो. या कामात क्रम पाळणं हेच सगळं काही आहे. सुरुवातीला बूमचं वजन टॉपिंग लिफ्टवर घ्या. डोलकाठीच्या वरून बूमच्या मागच्या टोकाला येणारा हा दोर विसरला, तर हॅलियार्ड सोडल्याबरोबर बूम खाली येतो आणि कॉकपिटमध्ये कुणाचं तरी डोकं त्याच्या वाटेत असतंच. मग मेनशीट आणि बूम खाली धरणारा व्हँग हे दोन्ही सैल करा, म्हणजे वारा निघेल. आता हॅलियार्ड खुणेपर्यंत सोडा. ही खूण म्हणजे हॅलियार्डवर रंगीत धाग्याचे चार टाके, अंधारात बोटालाही कळतील असे जाड. शिडाच्या पुढच्या कडेचं रीफचं कडं बूमजवळच्या हुकात घाला. हॅलियार्ड पुन्हा कडक करा. त्यानंतरच मागच्या कोपऱ्याचा रीफचा दोर ओढा, कोपरा बूमला चिकटेपर्यंत. मग टॉपिंग लिफ्ट सैल, व्हँग आणि मेनशीट आवळून पुढं चला.

मागचा दोर आधी आणि हॅलियार्ड नंतर, असं केलं तर शिडाच्या मागच्या कडेवर सगळा ताण येतो आणि हॅलियार्ड कितीही कसला तरी पुढची कड सुरकुतलेलीच राहते. सुरकुत्या दिसल्या की समजा, क्रम चुकला.

शिडाच्या मधल्या भागात छोट्या छिद्रांची ओळ असते आणि त्यातून बारीक दोऱ्या लोंबत असतात. त्या फक्त लोंबणारं कापड गोळा करण्यासाठी आहेत, भार घेण्यासाठी नाहीत. सैलच बांधा, आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. रीफ काढताना याच दोऱ्या सगळ्यात आधी सोडा. एखादी राहून गेली आणि हॅलियार्ड ओढला, तर त्या छिद्रापासून शीड टर्रकन फाटतं. शीड शिवणाऱ्यांकडे असे फाटके नग नेहमी येतात.

हे सगळं करायला सगळ्यांत शांत अवस्था म्हणजे बोट अडवून धरणं. जिब वाऱ्याच्या उलट बाजूला भरलेलं, मेनसेल सैल, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधलेलं. दोन शिडं आणि सुकाणू एकमेकांना तोलतात, बोट जवळजवळ उभी राहते, डुलणं कमी होतं. जेवायलाही हीच अवस्था चांगली. जेनोआ फार मोठं असेल तर आधी थोडं गुंडाळून घ्या.

अंधार पडायच्या आधी एक रीफ घ्यावा, वारा नसला तरी, हा लांबच्या प्रवासातला जुना शिरस्ता आहे आणि तो मला पटतो. माणसं जितकी कमी, तितका तो जास्त लागू. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ‘तारिणी’ गोव्याहून जगाभोवती नेऊन परत आणली. दोन्ही बोटी सुमारे १७ मीटर लांबीच्या. दोघांच्या बोटीवर एक झोपेत असणार आणि शीड आवरायचे हात दोनच. अशा बोटीवर उशिरा रीफ घेण्याची चैन परवडत नाही. आपली शनिवार-रविवारची सहलही बहुतेक वेळा दोन जाणत्यांची आणि चार पाहुण्यांची असते, हे लक्षात घ्या.

आधी वारा काढायचं तेच तत्त्व भव्य प्रमाणात बघायचं असेल तर आयएनएस तरंगिणी बघा. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची प्रशिक्षण नौका १९९७ पासून नौदलात आहे. तिच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या दांड्यांवरची चौकोनी शिडं आहेत. अशी शिडं आवरताना छात्र लगेच वर धावत नाहीत. आधी डेकवरून दोर ओढून शिडाचे खालचे कोपरे आणि तळाची कड दांडीकडे वर घेतात, त्यातला वारा काढतात. मग माणसं वर चढतात, तीही वाऱ्याकडच्या बाजूच्या शिडीनं, म्हणजे वारा त्यांना दोरांवर दाबून धरतो. दांडीखालच्या पायदोरावर पाऊल ठेवण्याआधी ओरडून सांगायचं असतं, कारण नवा माणूस चढला की तो दोर झटका खातो आणि आधीच उभे असलेले हेलकावतात. कापड घड्या घालत दांडीवर ओढायचं आणि पट्ट्यांनी बांधायचं, हा त्यानंतरचा भाग.

आता तुमच्या बोटीवर परत येऊ. दिवस संपला, मेनसेल पूर्ण उतरवायचंय. इंजिन सुरू करण्याआधी बोटीच्या दोन्ही बाजूंना वाकून पाण्यात बघा. लोंबणारी एक शीट पंख्यात गेली की इंजिन आणि शीट दोन्ही गमावलेच. बोट सावकाश वाऱ्याच्या तोंडावर धरा, टॉपिंग लिफ्ट घ्या, मेनशीट घट्ट करून बूम मधोमध स्थिर करा आणि हॅलियार्ड सोडा. त्याचं टोक आठच्या आकड्याच्या गाठीनं अडवलेलं हवं, नाही तर ते वर निघून जातं आणि मग कुणाला तरी डोलकाठीवर चढवावं लागतं. दोर हाताला गुंडाळून धरायचा नाही, कुठलाच, कधीच.

शीड खाली आलं की दोघं जण लागतात. एक डोलकाठीशी, एक मागं. मागचा माणूस शिडाची मागची कड ओढत राहतो आणि एक घडी डावीकडे, एक उजवीकडे अशी बूमवर टाकत जातो. मागून ताण नसेल तर घड्यांऐवजी बोचकं होतं. पट्ट्या बांधताना पहिली मधोमध टाका, म्हणजे वारा आला तरी शीड पसरत नाही. हे करताना एक हात कामाला, एक हात स्वतःला. बूमवर पूर्ण वजन टाकून ओणवं होऊ नका, शेजारून फेरीबोट गेली की तिच्या लाटेनं बूम हलतोच.

डोलकाठीत गुंडाळलं जाणारं मेनसेल हल्ली पुष्कळ भाड्याच्या बोटींवर येतं. त्याच्यासाठी एकच सांगतो: बूमची उंची योग्य ठेवा आणि मागच्या कडेवर थोडा ताण राखा. लहान बोटीला मी तरी ते घेणार नाही. ते डोलकाठीत अर्धवट अडकलं तर ना वर जातं ना खाली येतं, आणि वारा तर थांबत नाही.

ओलं शीड बांधून ठेवलं तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते सहसा निघत नाहीत. मिठाचे कणही दमटपणा धरून ठेवतात. मंद वाऱ्याच्या सकाळी गोड्या पाण्यानं धुऊन, वर चढवून वाळवा. फार वेळ मात्र नको. फडफडीनं कापड जितकं झिजतं तितकं चालवण्यानंही झिजत नाही. हॅलियार्डचं टोक डोलकाठीपासून दूर बांधा, नाही तर रात्रभर ठणठण वाजून नांगरवाड्यातल्या सगळ्यांची झोप जाते.

बोट सोडून घरी जाताना गुंडाळलेल्या जिबाभोवती खांद्याच्या उंचीवर एक पट्टी करकचून बांधा आणि ड्रम फिरणार नाही असा दोरीनं पक्का करा. फक्त क्लीटच्या भरवशावर सोडलेलं जिब रात्रीच्या वावटळीत एक वळसा जरी उघडलं, तरी सकाळपर्यंत त्याच्या चिंध्या होतात आणि शेजारच्या दोन बोटींनाही फटका बसतो. बोट पावसाळ्यात पाण्यावरच राहणार असेल, तर पट्टीवरही विसंबू नका. जूनच्या आधी दोन्ही शिडं उतरवा, धुवा, कोरडी करा, फाटलेली शिलाई शीड शिवणाऱ्याकडे टाका. फर्लरचा दोर मऊ, केसाळ झाला असेल तर त्याच वेळी नवा घ्या, आणि ऑक्टोबरात पहिल्या सहलीला निघण्याआधी वारा नसलेल्या एखाद्या सकाळी नांगरावरच सगळ्यांना हाताशी धरून दोनदा रीफ घ्यायचा सराव करा.